साताऱ्याच्या आजीची लिनेआ

पत्राचा सारांश: स्वीडनमधल्या उप्साला शहरातून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३१, माहेर सांगलीकडचं, सासर साताऱ्याचं. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, तिकडे जाऊन ६ वर्षं झाली. पाच आठवड्यांपूर्वी त्यांना मुलगी झाली. गुरुजींनी जन्मवेळेवरून भरणी नक्षत्र, पहिला चरण, अक्षर ‘ली’ असं कळवलं. सासूबाईंनी लगेच ‘लीला’ सुचवलं. त्यांच्या आईचं नावही लीला होतं. हिच्या मनात मात्र गेल्या उन्हाळ्यापासून ‘लिनेआ’ हे स्वीडिश नाव आहे. शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी जंगलात हिला गुडघ्यांवर बसायला लावून त्या नावाचं फूल दाखवलं होतं. नवऱ्याला ते नाव वेगळ्या कारणाने हवं आहे: ‘तिकडचं नाव असलं की पोरीचा रस्ता सोपा होईल.’ सासूबाई म्हणतात, ‘ख्रिश्चनांचं नाव आपल्या घरात कशाला? गावात विचारतील, मी काय सांगू?’ सरकारी नोंदणीची मुदत जवळ येते आहे. ‘मी माझ्या हौसेपायी मुलीची मुळं तोडते आहे का? दोन्ही घरांना पटेल असं काय ठेवू?’ असं तिने विचारलं आहे.

प्रिय उप्सालाकर,

तू माझ्या भाचीच्या वयाची, तेव्हा अगं-तुगं करते, चालेल ना? बाळंतपणाचा पाचवा आठवडा, रात्रीची झोप नाही, आणि तरी एवढं मोठं पत्र लिहिलंस, त्याचं कौतुक. डिंक-अळीव मिळतंय का तिकडे?

तुझ्या पत्रात एक गंमत आहे. नाव का आवडलं हे तू चार ओळींत उरकलंस, आणि त्या नावावर कोण काय म्हणालं ते दीड पान लिहिलंस. मी उलटीकडून सुरू करते. आधी नावाकडे नीट बघू, माणसं कुठे पळून जात नाहीत.

सासूबाईंची शंका पहिल्यांदा घेते, कारण तिचं उत्तर सोपं आहे. लिनेआ हे कुणा संताचं नाव नाही, बायबलातलं तर नाहीच. स्वीडनमधली अना, मारिया, एलिसाबेत ही नावं बायबलातून आली. बिर्गिता हे तिथल्या संत स्त्रीचं नाव. इंग्रिड, ॲस्ट्रिड ही त्याहून जुनी, ख्रिस्ती धर्म तिकडे पोचण्याआधीच्या देवांच्या काळातली. लिनेआ यातल्या कुठल्याच खणात बसत नाही. ते झाडावरून आडनावात, आडनावावरून फुलात आणि फुलावरून मुलींच्या नावात आलं.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण स्वीडनच्या स्मोलंड भागात नील्स इंगेमारसन नावाचा एक शेतकरी घरातला मुलगा होता. इंगेमारसन हे आडनाव नव्हे, इंगेमारचा मुलगा एवढाच त्याचा अर्थ. आपण नावापुढे वडिलांचं नाव लावतो, तसं. साध्या माणसाला तिथे आडनाव नसायचंच, आणि बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावायच्या. (हे सासूबाईंना सांगू नकोस. किंवा सांगच.) नील्स पाद्री होण्यासाठी लुंडच्या विद्यापीठात गेला, तिथे नोंदणीला आडनाव लागलं, आणि तेही लॅटिन वळणाचं. घराण्याच्या जमिनीवर लिंडेनचं एक थोरलं झाड होतं, त्याला तिकडच्या बोलीत ‘लिन’ म्हणत. त्यावरून त्याने ‘लिनियस’ हे आडनाव घेतलं. नात्यातल्या इतरांनी त्याच झाडावरून लिंडेलियस आणि टिलियान्डर अशी आडनावं घेतली होती. टिलिया हे लिंडेनचंच लॅटिन नाव. म्हणजे एका झाडाखाली तीन आडनावं. वडगावकर, पिंपळगावकर, चिंचवडकरांच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

नील्सचा मुलगा कार्ल, जन्म १७०७. द्विनाम पद्धतीच्या, म्हणजे सजीवांना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव देण्याच्या, धड्यात आपण ज्याचं नाव घोकलं तोच कार्ल लिनियस. तू राहतेस त्याच गावात तो पुढे प्राध्यापक झाला, त्यामुळे त्याचे पुतळे आणि बाग तू रोज ओलांडत असशील. १७३२ मध्ये, पंचविशीत, तो उप्सालाहून लॅपलंडच्या प्रवासाला निघाला. उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलांत शेवाळावर सरपटत वाढणारं एक बुटकं झुडूप होतं, त्यावर त्याचा फार जीव. तुला शेजारणीने दाखवलं तेच हे. वीतभरही उंच नसलेला, दोऱ्यासारखा देठ, टोकाशी त्याला दोन फाटे, आणि दोन्ही फाट्यांना एकेक फिकट गुलाबी घंटा, मान खाली घालून. उभ्याने बघितलं तर दिसत नाही आणि वासही येत नाही. म्हणूनच बाईंनी तुला गुडघ्यांवर बसवलं.

हॉलंडमधल्या ग्रोनोव्हियस या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राने त्या झुडपाला लिनियसचं नाव दिलं: लिनिया बोरियालिस, म्हणजे उत्तरेकडची लिनिया. १७३७ मध्ये लिनियसने स्वतःच लिहिलं, की ही लॅपलंडची वनस्पती ठेंगणी, क्षुल्लक, कुणाचं लक्ष न जाणारी आणि थोडाच काळ फुलणारी आहे, जिच्या नावाची आहे त्या लिनियससारखीच. या विनयावर फार भरवसा ठेवू नकोस. हेच फूल हातात धरून त्याने चित्र काढून घेतलं, सरदारकी मिळाल्यावर ते घराण्याच्या चिन्हात घातलं, आणि चीनहून चहाची भांडी मागवली तर त्यांवरही तेच.

लॅटिनमध्ये पुरुषाचं लिनियस, तर स्त्रीचं रूप लिनिया. स्वीडिश जिभेवर त्याचं लिनेआ झालं, जोर मधल्या ‘ने’वर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुलींना हे नाव ठेवू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते फार चाललं, मग मागे पडलं, आणि १९९०च्या दशकापासून पुन्हा वर आलं. त्यामुळे तुझ्या ऑफिसात पंचविशी-तिशीतल्या दोन-तीन लिनेआ सहज सापडतील, आणि बऱ्याच आज्यांचं ते दुसरं नाव असेल. दुसरं नाव म्हणजे काय, त्याकडे पुढे येते, कारण तुझ्या पेचाची किल्ली तिथेच आहे. स्वीडिश पंचांगात प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या नावाचा असतो, तसा लिनेआचा १३ मे. तिथल्या त्या काळच्या कालगणनेनुसार लिनियसचा जन्म १३ मेचा. आताच्या हिशेबाने तो २३ मे येतो.

तर गावात कुणी विचारलं तर सासूबाईंनी एवढंच सांगावं: ‘फुलाचं नाव आहे, प्राजक्तासारखं.’ जाई, जुई, केतकी, बकुळा, शेवंता, अबोली, सायली ही नावं ज्या गावात ठेवली जातात, तिथे आणखी एका रानफुलाला कोण अडवणार? आणि प्राजक्ताचं म्हणशील तर त्याचं शास्त्रीय नाव, निक्टॅन्थिस आर्बोर-ट्रिस्टिस, हे लिनियसनेच ठेवलेलं आहे. रात्री फुलणारं, खिन्न झाड. वनस्पतींच्या शास्त्रीय नावाच्या शेवटी जे एकटं ‘एल’ अक्षर छापतात, ते त्याच्या आडनावाचं. वड, पिंपळ, आंबा, बकुळ यांच्यामागे ते आहे, आणि सासूबाई रोज जिला पाणी घालतात त्या तुळशीमागेही.

इथे थोडी वाट वाकडी करते, कारण हे मला फार आवडतं. लिनियस भारतात कधी आला नाही. इकडच्या झाडांची माहिती त्याने ज्या ग्रंथांतून घेतली, त्यांत एक होता ‘हॉर्टुस मलबारिकुस’. कोचीच्या डच गव्हर्नरने, व्हान ऱ्हेडेने, तो करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला १२ खंडांत तो छापला गेला. त्यातली माहिती सांगणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते, गोव्याकडून कोचीला जाऊन स्थिरावलेल्या समाजातले. पहिल्या खंडात त्या तिघांचं निवेदन कोकणीत, नागरी अक्षरांत छापलेलं आहे. बकुळीच्या ‘मिम्युसॉप्स एलेंगी’ या नावातलं एलेंगी मलबारकडच्याच बोलीतलं. तेव्हा ‘तिकडचं’ आणि ‘आपलं’ यांच्यामधली भिंत तुम्ही तिघं समजता तेवढी जाड नाही, आणि ती काही आजच पातळ झालेली नाही.

आता एक कडू गोष्टही सांगते, नाहीतर उद्या मुलगी मोठी होऊन विचारील, आई, तुला माहीत नव्हतं? याच लिनियसने माणसांचीही वर्गवारी केली. खंड आणि कातडीचा रंग यांवरून चार गट पाडले, आणि १७५८च्या आवृत्तीत प्रत्येक गटाला स्वभावही चिकटवला. युरोपातली माणसं चलाख आणि कल्पक, आशियातली पिवळट, खिन्न, ताठर. आपण आशियातले. पुढच्या काळात वंशभेदाच्या शास्त्राला या असल्या कप्प्यांचा उपयोग झाला. म्हणून नाव टाकून द्यावं असं मी म्हणत नाही. स्वीडनमध्ये लिनेआ म्हटलं की लोकांना फूल आठवतं, प्राध्यापक नव्हे. पण नाव ठेवणाऱ्याला त्याची उजवी-डावी दोन्ही बाजू ठाऊक असावी. त्याच घरातली एक मुलगीही मला आठवते. लिनियसची थोरली, एलिसाबेत क्रिस्टीना. बागेतल्या नॅस्टर्शियमची फुलं संधिप्रकाशात चमकून उठल्यासारखी दिसतात, हे तिने टिपलं, आणि १७६२ मध्ये स्वीडिश विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तिचा त्यावरचा लेख छापून आला. वय १९. बापलेकींपैकी कुणाची आठवण या नावात ठेवायची, हे तुझ्या हातात आहे.

आता तुझ्या नवऱ्याकडे येते. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नोकरीच्या अर्जांवर स्वीडनमध्ये अभ्यास झाले आहेत. परकं वाटणारं नाव असलेल्या अर्जाला कमी बोलावणी येतात असं त्यांत दिसलं. बाप म्हणून त्याला ती काळजी वाटली, यात चूक नाही. पण त्याला एक विचार. आडनाव कुणाचं लागणार? तुमचंच ना? मग लिनेआच्या पुढे साताऱ्याचं आडनाव वाचून समोरच्याला काय कळायचं ते कळणारच. पहिल्या नावाचा पडदा लावून मुलीचा रंग झाकता येत नाही, आणि घरातच तसा पडदा शिवला हे तिला कधीतरी कळेल. नाव आवडलं म्हणून ठेवलं, हे तिला अभिमानाने सांगता येईल. लपायला म्हणून ठेवलं, हे तुम्ही कसं सांगाल?

शिवाय त्याने धरून चालल्यासारखं लीला अवघड आहे का? स्वीडिशमध्ये जांभळ्या रंगाला ‘लीला’च म्हणतात. तसाच उच्चार. बालवाडीतल्या प्रत्येक पोराला तो शब्द रंगपेटीतून पाठ झालेला असतो. हे ऐकून सासूबाईंना हसू येईल, पण पुढचं ऐकल्यावर त्या गप्प होतील: युरोपातला तो शब्द लिलाक फुलावरून आला, लिलाक अरबी-फारसीतून, आणि फारसीतला मूळ शब्द आपल्या ‘नील’चा. म्हणजे स्वीडनमधली जांभळी लीला आपल्याच निळीच्या कुळातली. ‘तिकडे चालेल’ या परीक्षेत लीला पैकीच्या पैकी मार्क घेऊन पास. जुई ठेवलं असतंस तर तिकडच्यांनी वाचून ‘युई’ केलं असतं, कारण त्या अक्षराचा उच्चार ते य करतात. जान्हवीचं यान्हवी. लीलाला तसलं काही होत नाही.

आता मुळं. ‘मी तिची मुळं तोडते आहे का?’ हे वाक्य तू पत्रात दोन ठिकाणी लिहिलंस, म्हणून त्यावर थांबते.

आमची थोरली काकू माहेरची शेवंता. लग्नात काकांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुमती’ लिहिलं, आणि सगळे तिला सुमती म्हणायला लागले. तिच्या रुखवतात मामाने दिलेला एक पितळी तांब्या होता. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: ‘चि. शेवंतास मामांकडून’. घरची बाकी भांडी कुणीही घासायचं. तो तांब्या काकू स्वतः घ्यायची, चिंच आणि मीठ लावून, अक्षरांवरून बोट हळू फिरवत. मी नुकती वाचायला शिकले होते. विचारलं, ‘काकू, शेवंता कोण?’ ‘होती एक,’ म्हणाली, आणि तांब्या पालथा घातला.

आपल्याकडे नाव म्हणजे मूळ, असं आपण आता म्हणतो. पण आपणच बायकांची नावं लग्नात पुसून टाकत होतो, तेव्हा मुळांचा विचार कुणी केला नव्हता. पत्रिकेतलं नाव वेगळं, पाळण्यातलं वेगळं, हाकेचं तिसरंच, ही रीतही आपलीच. एका माणसाला दोन-तीन नावं असणं आपल्याला नवं नाही. मुलगी मराठी बोलेल की नाही, हे तिच्याशी घरात कोण काय बोलतं यावर ठरेल. जात्यावरच्या ओव्या तू तिला म्हणून दाखव, आजीशी रोज दहा मिनिटं बोलू दे. लिनेआ नावाची मुलगी साताऱ्याच्या बोलीत ‘आगं आज्जे’ म्हणू शकते, आणि वैदेही नावाच्या मुलीला मराठीचं एक अक्षर येत नाही, हेही मी दोन घरांत बघितलंय.

म्हणून मला सासूबाईंकडे पुन्हा जायचं आहे. तू लिहिलंस, अक्षर ‘ली’ आलं म्हणून त्यांनी लीला सुचवलं. पुन्हा वाच. लीला हे त्यांच्या आईचं नाव. ‘ली’वरून लीना होतं, लीलावती होतं, आणि अवकहड्यात, म्हणजे नक्षत्रावरून अक्षर काढायच्या कोष्टकात, ऱ्हस्व-दीर्घाचा वाद नसतो, त्यामुळे तुझं लिनेआसुद्धा होतं! हे तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि कुणी बोललं नाही. म्हणजे अडचण अक्षराची नाही. पंचांगाच्या आडून एक मुलगी आपल्या आईचं नाव मागते आहे. सरळ मागायची सवय त्या पिढीतल्या बायकांना नाही, म्हणून भरणी नक्षत्र पुढे केलं.

आणि तू? तुझ्या चार ओळींत मला एवढंच दिसलं, की सहा वर्षांत त्या देशात कुणीतरी पहिल्यांदा तुला हाताला धरून, ‘बस इथे, बघ,’ म्हणालं. तू पोटुशी होतीस, आई चार हजार मैलांवर. तुला ते फूल हवं आहे की ती बाई हवी आहे, हे मला पत्रावरून ठरवता येत नाही, तूच ठरव. दोन्ही असू शकतं. पण मग तुम्ही दोघी सासवा-सुना एकच गोष्ट करताय: आपल्याला जिने जीव लावला तिला या पोरीत ठेवायचं. हे एकमेकींना सांगितलंत का?

आता कामाचं. स्वीडनमध्ये बाळाचं नाव जन्मानंतर तीन महिन्यांत नोंदवावं लागतं, आणि ती नोंद घेतं तिथलं करखातं. (आपल्याकडे आयकरवाल्यांनी बारसं केलं तर काय होईल, कल्पना कर.) तिकडे मुलाला एकापेक्षा जास्त पहिली नावं देता येतात, सहसा दोन-तीन देतातच. त्यातलं एक हाकेचं नाव म्हणून ठरतं, आणि ते पहिलंच असलं पाहिजे असं नाही. लिनेआ हे नाव तिथे सर्वांत जास्त कुठे भेटतं, तर याच दुसऱ्या जागेवर. कितीतरी बायकांच्या कागदांवर ते असतं, आणि त्यांना त्या नावाने जन्मात कुणी हाक मारलेली नसते.

म्हणजे तुझ्यासमोर रस्ते असे. नुसतं लिनेआ ठेवलंस तर नाव गोड, पण सासूबाईंच्या आईला घरात जागा उरत नाही, आणि हे तुला पुढे कधीतरी टोचेल असं मला तुझ्या पत्राच्या सुरावरून वाटतं. नुसतं लीला ठेवलंस तर घर शांत होईल, तू मात्र दर जूनमध्ये जंगलात गेलीस की गप्प होशील. ‘लिनेआ लीला’ चांगलं आहे. पण मला विचारशील तर ‘लीला लिनेआ’. हाक लीला, दुसरं नाव लिनेआ. तिकडच्या रीतीने हे अगदी अस्सल स्वीडिश आहे, खुद्द तिकडच्या आज्या असंच नाव मिरवतात. आपल्याकडच्या कागदांवर पहिलं नाव तेच खरं धरतात, तिथेही घोळ होणार नाही. आणि मुलगी सोळा वर्षांची झाल्यावर तिला लिनेआ म्हणवून घ्यावंसं वाटलं, तर नाव तिच्या कागदावर तयार असेल, अर्ज-विनंत्या नकोत. झाडा-प्राण्यांना दोन-दोन नावं देणाऱ्या लिनियसलाही ही द्विनाम पद्धती चालली असती.

एक मात्र करू नकोस. सगळ्यांचं मन राखायला म्हणून तिसरं, चौथं नाव घुसवू नकोस. माहेरच्यांना राग येईल म्हणून त्यांचं एक, नवऱ्याच्या आत्याचं एक, असं करत गेलात तर पोरीला प्रत्येक अर्जावर ते लिहावं लागेल. तिच्या नावात वडिलांचं नावही घालू नका. तिकडच्या अर्जात वडिलांच्या नावाची वेगळी जागा नाही; पहिल्या नावांच्या रकान्यात लिहिलंत तर ते मुलीचंच नाव धरलं जाईल, आणि दवाखान्यात एखादी नर्स तिला ‘सुनील’ म्हणून हाक मारेल.

लिनेआ दोन तऱ्हांनी लिहितात, एकात मधल्या ‘ए’वर तिरकी रेघ असते, एकात नसते. बिनरेघेचं घे. भारतीय पासपोर्टवर ती रेघ येत नाही, आणि दोन कागदांवर दोन स्पेलिंगं झाली की निस्तरत बसावं लागतं. तुम्ही दोघंही भारतीय नागरिक असाल तर जन्माची नोंद भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत करायची, हेही लक्षात असू दे. तिथे जन्मली म्हणून ती आपोआप स्वीडिश नागरिक होत नाही. स्वीडिश नोंदीवर आणि दूतावासातल्या नोंदीवर नाव अक्षरशः एकच असू दे.

तुझ्यासारख्या पेचात असलेल्या, आणि दुसऱ्या देशांत राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगेन, की अर्ज भरण्याआधी नाव कागदावर नव्हे, तोंडाने तपासा. तिथल्या शेजाऱ्याला ते लिहून दाखवा आणि मोठ्याने वाचायला सांगा. तो काय वाचतो ते ऐका, आणि त्याच्या भाषेत त्या आवाजाचा काही भलता अर्थ होत नाही ना, तेही विचारा. मग फोनवर गावाकडच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तेच नाव दहादा घ्यायला लावा. ते जिभेवर कसं वळतं ते बघा. लिनेआचं साताऱ्यात दोन दिवसांत ‘लिने’ होणार, ‘लिनेऽ, इकडं ये’. मला तरी ते वाईट वाटत नाही. विभक्ती लावूनही बघा: लीलाने, लिनेआला. रोज वापरायचं आहे ते.

आता तुझं पुढचं काम. सासूबाईंना फोन लाव, पण नावाचा विषय काढायचा नाही. सध्या हिवाळी वेळेमुळे तुमच्याकडे घड्याळ साडेचार तास मागे आहे ना, म्हणजे साताऱ्यात दुपारचे तीन वाजतात तेव्हा तुझ्याकडे साडेदहा. त्या वेळी त्यांचं आवरून झालेलं असतं. बाळाला पाजायला घे, फोन स्पीकरवर ठेव, आणि विचार: ‘आई, तुमच्या आईला घरात हाक काय मारायचे? लीला हे माहेरचं नाव होतं की सासरचं?’ मग त्या बोलतील तेवढं बोलू दे. मध्ये काही म्हणू नकोस. त्या थांबल्या की शेजारच्या बाईंची आणि त्या फुलाची गोष्ट सांग, फोटो असेल तर पाठव. गुडघ्यांवर बसलीस हेही सांग.

आणि बारशाला आत्या येणार नसेल तर तिला व्हिडिओ कॉलवर घ्या, पण ‘कुर्र्र’ करताना फोन बाळाच्या कानापासून हातभर लांब धरा. स्पीकरवर ते फार मोठ्याने येतं.